दोन एकर डाळिंब: पैसा, पाणी आणि मेहनत नेमकी कुठं गळतीय ते कसं शोधायचं

आमच्या सांगोल्याकडं दोन डाळिंबवाले भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "एकरी किती टन निघाला?" मीपण कितीतरी वर्षं हेच विचारत होतो, आणि समोरच्यानं आठ टन सांगितलं की रात्री झोप लागायची नाही, सकाळी उठून दुकानात जायचं आणि उधारीवर अजून दोन बाटल्या आणायच्या. बांधाला बांध लागून अण्णांची बाग आहे. तीच मुरमाड जमीन, तोच भगवा वाण, पाणीपण जवळपास तेवढंच, खतं तर आम्ही एकाच टेम्पोत आणतो, तरी त्यांचा माल दरवर्षी माझ्यापेक्षा जास्त आणि वर खर्च कमी. आता याला नशीब म्हणून सोडून देता येतं, मी दिलंही बरीच वर्षं. मग एकदा तोडणीला माणसं कमी पडली म्हणून त्यांच्या बागेत दोन दिवस कॅरेट उचलायला गेलो आणि तिथं एक गोष्ट डोळ्यात भरली. ओळीत कुठंच मोकळी जागा नाही आणि पहिलं झाड नि शेवटचं झाड सारखंच दिसतंय. माझ्या बागेत पाईपाच्या तोंडाशी हिरवीगार झाडं आणि शेपटाला वाळकी, मध्ये दात पडल्यासारखे खड्डे.

कार्यक्षमता वगैरे शब्द अर्थशास्त्रवाल्यांचा. त्यांचा हिशोब साधा आहे, की तेवढंच पाणी, तेवढंच खत, तेवढेच मजूर वापरून एकाला जास्त मिळतं आणि दुसऱ्याला कमी, तर कमीवाल्याचं कुठंतरी गळतंय. राज्यात सरासरी जमीनच २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार १.३४ हेक्टर आहे, म्हणजे आपण बहुतेक सगळे दोन-तीन एकरवालेच. वीस एकरवाल्याची दोन एकर गळती झाकून जाते, आपली झाकत नाही. खाली लिहिलंय ते मी माझ्या बागेत कसं शोधलं ते, डाळिंबाचं आहे पण द्राक्ष, पेरू, सीताफळवाल्यांनाही बरंचसं लागू होईल.

आधी तीन आकडे काढा, एकरी टन बाजूला ठेवा

एक वही घ्या. मोबाईलवर ॲप आहेत, पण फवारणी करून आलेल्या हातानं मोबाईल कोण धरणार, वहीच बरी. माझ्याकडं ती पंपाच्या पेटीत असते, दोरीनं पेन बांधलेला. वर्षाच्या शेवटी त्यातनं तीन आकडे काढायचे: झाडामागं किती किलो निघाले, किलोमागं किती खर्च आला, आणि शंभर किलोतला एक नंबर माल किती.

तीनही का लागतात ते सांगतो. समजा शेजाऱ्यानं एकरात ३ लाख २० हजार घातले आणि ७ टन काढले, किलोला खर्च आला साधारण ४६ रुपये. तुम्ही १ लाख ८० हजार घातले, साडेचार टन निघाले, किलोला ४० रुपये. तुम्ही खूश, आपला खर्च कमी. पण त्याचा माल ९० नं गेला आणि तुमचा बारीक म्हणून ७० नं, तर त्याला राहिले ३ लाख १० हजार आणि तुम्हाला १ लाख ३५ हजार. उलटंही होतं. त्यानं टनाच्या नादात झाडावर दीडशे फळं ठेवली, सगळी लिंबाएवढी निघाली, आणि आठ टन विकूनही दुकानदाराची उधारी फिटली नाही. म्हणून एकाच आकड्यावर जायचं नाही.

खर्चात घरची माणसं धरायची. बायको, आई, सुट्टीत पोरगं, सगळ्यांचे दिवस मजुरीच्या भावानं लिहायचे. मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा बायको वही बघून म्हणाली, "बरं झालं, आता माझी मजुरी कधी देताय?" थट्टेत म्हणाली, पण ते पान काढून टाकलं तर नफा होता आणि ठेवलं तर दोन वर्षं तोटाच होता, हे खरं.

मोकळे खड्डे मोजा

साडेचार मीटर बाय तीन मीटरवर लावलं तर एकरात साधारण ३०० झाडं बसतात. आता बागेत जाऊन खरोखर मोजा, अंदाजे नाही, एकेका ओळीत चालत जाऊन. मी मोजली तेव्हा ३०० च्या जागी २५९ निघाली आणि त्यातलीही बरीच नुसती उभी होती, देत काही नव्हती. ठिबकची नळी, कुंपण, नांगरट, फवारणीचं पाणी, वीजबिल सगळं ३०० झाडांचं चालू आणि माल २५९ चा. हिशोब करून बघा, झाडाला ६० फळं, फळ सरासरी २५० ग्रॅम, म्हणजे झाडाला १५ किलो. ३०० झाडांचे साडेचार टन, ४० झाडं गेली तर ३.९ टन. खर्च २ लाख धरला तर किलोमागं ४४ रुपयांचे ५१ होतात. सात रुपये किलोमागं नुसते मोकळ्या खड्ड्यात गेले, कुठलं महागडं टॉनिक एवढे पैसे परत आणत नाही.

मेलेल्या झाडाच्या जागी लगेच दुसरं रोप टोचायची घाई करू नका, ही चूक मी दोनदा केली. आमच्याकडं झाडं जातात ती बहुतेक मर रोगानं नाहीतर पिनहोल बोरर या खोड पोखरणाऱ्या किड्यानं. आधी एक फांदी पिवळी पडते, मग अर्धं झाड, मग सगळंच. खोडाजवळ वाकून बघितलं तर टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं आणि खाली भुसा. २०२० नंतरच्या जास्त पावसात सांगोला, आटपाडीपासून पार मालेगाव-सटाण्यापर्यंत बागाच्या बागा याच्यामुळं काढाव्या लागल्या, ते सगळ्यांनी बघितलंय. तर मेलेलं झाड मुळासकट काढायचं, बागेबाहेर नेऊन जाळायचं, बांधावर सरपणाला रचून ठेवायचं नाही कारण तिथनंच किडा परत येतो. शेजारच्या चार झाडांना शिफारशीची आळवणी (बुडाशी ओतायचं औषध) द्यायची, खड्डा उन्हाळाभर उघडा तापू द्यायचा आणि मगच नवीन रोप. रोपसुद्धा कुणाच्या बागेतली गुटी (फांदीला मुळं फोडून केलेलं कलम) आहे ते जाऊन बघून घ्या, तेल्या (तेलकट डाग पाडणारा रोग) असलेल्या बागेची गुटी स्वस्तात मिळते आणि मग पाच वर्षं ती स्वस्ताई फेडत बसायची.

मगानं पाणी मोजा

माझी सगळ्यात मोठी गळती इथं सापडली आणि शोधायला खर्च शून्य आला, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

एक लिटरचा मग घ्या, घड्याळ लावा. चार लिटरचा ड्रीपर असेल तर पंधरा मिनिटांत बरोबर एक लिटर पाणी पडलं पाहिजे, आठचा असेल तर दोन लिटर. मोटार चालू करून लाईन भरू द्या, मग एका नळीवरच्या पहिल्या झाडाखाली, मधल्या झाडाखाली आणि शेवटच्या झाडाखाली मग ठेवा. हेच विहिरीजवळच्या नळीवर करा आणि लांबच्या कोपऱ्यातल्या नळीवर करा. माझ्याकडं पहिल्याला मग भरून वाहिला, शेवटच्याला निम्म्याच्या थोडं वर, आणि एका ठिकाणी तर पंधरा मिनिटांत तळ झाकला नाही.

आता याचा अर्थ काय होतो बघा. शेवटची झाडं सुकताना दिसतात म्हणून आपण मोटार अजून एक तास चालवतो. त्यांना जेमतेम पुरतं, पण पहिल्या झाडांच्या मुळात दलदल होते, आणि ओल्या मुळात मर येतो. म्हणजे एकाच बागेत अर्धी झाडं तहानेनं आणि अर्धी पाण्यानं मरतायत, आणि आपण सोसायटीत बसून पाऊस कमी पडला म्हणतोय. ठिबकमधनं सोडलेलं खतही असंच वाटलं जातं, पुढच्याला दुप्पट आणि मागच्याला अर्धं. विद्राव्य खताची २५ किलोची पिशवी काय भावानं येते ते माहितीच आहे.

फरक दहा टक्क्यांच्या आत असला तर ठीक, जास्त असेल तर क्रमानं बघत जा. पहिल्यांदा फिल्टर, सँड फिल्टर उलटा धुवायचा आणि जाळीचा फिल्टर काढून ब्रशनं घासायचा. मग सबमेनचा (ठिबकच्या नळ्यांना पाणी देणारा मोठा पाईप) शेवटचा व्हॉल्व्ह उघडून गाळ सोडायचा, आणि मग एकेक नळीची शेवटची घडी सोडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्यायचं. मी पहिल्यांदा सोडलं तेव्हा चहासारखं पाणी आलं आणि त्यात शेवाळाच्या गुठळ्या. तरी ड्रीपर बंदच राहिले तर क्षार बसलेत. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं आहे, चहाच्या भांड्याला पांढरा थर येतो तोच ड्रीपरमध्ये येतो. त्याला ॲसिड ट्रीटमेंट करावी लागते, पाण्याचा सामू (पीएच) ४ च्या आसपास येईल एवढं ॲसिड सोडून लाईन २४ तास तशीच ठेवायची आणि मग फ्लश. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, आणि शेवाळासाठी क्लोरीन वापरणार असाल तर ते वेगळ्या दिवशी, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो. हातमोजे, चष्मा घाला, एवढ्यासाठी डोळा घालवू नका.

नळी फार लांब असेल किंवा जमीन उताराची असेल तर साफ करूनही फरक राहतो, मग मधनं सबमेन घेऊन नळ्या छोट्या करायच्या नाहीतर दाब कमी-जास्त असला तरी सारखंच पाणी सोडणारे प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रीपर लावायचे. नवीन संच घेणारांनी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा, अल्प-अत्यल्प भूधारकांना केंद्राच्या योजनेतलं ५५ टक्के आणि राज्याची भर धरून ८० टक्क्यांपर्यंत अनुदान बसतं, बाकीच्यांना ७५. पैसे यायला वेळ लागतो ही वेगळी गोष्ट.

अजून एक. झाड लहान असताना खोडाजवळ टाकलेली नळी झाड पाच वर्षांचं झालं तरी तिथंच असते. पाणी पिणारी बारीक मुळं तोवर बाहेर गेलेली असतात, खोड मात्र रोज भिजतं. दोन नळ्या करून त्या दोन्ही बाजूंना खोडापासून दीड-दोन फूट सरकवा, एका दिवसाचं काम आहे.

पाणी किती द्यायचं याला मी आता "दोन तास" असं सरसकट उत्तर देत नाही. खुरप्यानं वीतभर खोल माती काढायची, मुठीत दाबायची. गोळा झाला आणि हात ओलसर लागला तर पुरे आहे, बोटांतनं पाणी निघालं तर उद्या मोटार बंद, गोळाच होईना तर वाढवा. फळ सुपारीएवढं झाल्यापासून तोडणीपर्यंत पाण्यात चढउतार होऊ द्यायचा नाही. चार दिवस लाईट नाही म्हणून कोरडं आणि मग एकदम धो-धो दिलं की फळं तडकतात. तडकलेल्या फळाला बोरॉन-कॅल्शियम कमी पडलं म्हणून दुकानदार बाटली देतो, कधी ते खरंही असतं, पण माझ्या वहीत तडकण्याच्या तारखा आणि लाईट जाण्याच्या तारखा शेजारी-शेजारी निघाल्या.

बहार विहिरीला विचारून धरा

डाळिंबाला कधी फुलवायचं ते आपण ठरवतो, त्यालाच बहार धरणं म्हणतात. गावात सगळ्यांनी मृग बहार धरला म्हणून आपण धरायचा, ही पद्धत सोडा. आंब्या बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात, तेल्या कमी लागतो पण अख्खा उन्हाळा पाणी लागतं. मृगाला पाणी निसर्गाचं मिळतं पण ढगाळ दमट हवेत तेल्या आणि डाग. हस्ताचा माल फेब्रुवारी-मार्चच्या पुढं येतो, भाव चांगला असतो, पण आधी पाऊस चालू असताना झाडाला ताण बसवणं (फुलांसाठी काही दिवस पाणी तोडणं) अवघड. तर विहिरीत मे महिन्यात किती पाणी राहतं ते मागच्या तीन वर्षांचं आठवा, आणि शेततळं असेल तर ते किती दिवस पुरतं ते. आंब्या धरून एप्रिलमध्ये टँकर लावायची वेळ आली की त्या वर्षाचा हिशोब तिथंच संपला.

ताण म्हणजे झाड मारणं नाही. हलक्या जमिनीत महिनाभर पुरतो, भारी काळ्या जमिनीत जास्त लागतो, पानं पिवळसर होऊन आपोआप गळायला लागली की ताण बसला. ताण न बसवता नुसता इथ्रेल या पानं गाळायच्या औषधाचा जोर लावला तर पानं पडतात पण कळी सारखी निघत नाही, आज दहा, पंधरा दिवसांनी वीस, परत महिन्यानं. मग एकाच झाडावर कळी, गाठ (नुकतं धरलेलं फळ) आणि मोठं फळ तिन्ही, फवारणी कुणाची करायची तेच कळत नाही आणि तोडे चार-पाच होतात. एकसारखी कळी हीच निम्मी बचत आहे.

आणि कळी कशी निघणार हे आधीच्या चार महिन्यांत ठरतं. माल गेला, पैसे आले, की आपण बागेकडं पाठ फिरवतो. मुलीची ॲडमिशन, लग्नकार्य, सगळं त्याच महिन्यात. झाड मात्र त्याच विश्रांतीत पुढच्या वर्षाचं अन्न काडीत साठवत असतं. शेणखत, निंबोळी पेंड, पाणी हे तेव्हाच द्यायचं. पेन्सिलीएवढ्या जाड काडीवर जोमदार मादी कळी येते, सुतळीसारख्या काडीवर नर फुलं येऊन गळतात. मी तर एक वर्ष विश्रांतीत काहीच दिलं नाही, पैसे वाचवले म्हणून खूश होतो, आणि पुढच्या बहारात झाडाखाली नर फुलांचा सडा.

फवारण्या मोजा, बाटलीच्या मागचं वाचा

एका हंगामात मी किती फवारण्या केल्या ते वहीत मोजलं, ४१ निघाल्या. अण्णांच्या २६. माझ्या बागेत तेल्या कमी होता का, तर नाही.

पहिली गोष्ट, बाटलीवरचं मोठं नाव वाचू नका, खालचं बारीक तांत्रिक नाव वाचा. माझ्या कपाटात दोन वेगळ्या रंगाच्या बाटल्या होत्या, दोन वेगळ्या दुकानातनं दोन वेगळ्या भावानं आणलेल्या, आणि दोन्हीत इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएलच. मी "औषध बदलून" मारतोय समजत होतो आणि फुलकिडे त्याच औषधाला सरावत होते. आता वहीत कंपनीचं नाव लिहीतच नाही, घटकाचं लिहितो.

दुसरी, मारायच्या आधी किडे आहेत का ते बघा. पांढरा कागद धरायचा, शेंड्यावर तीन टिचक्या मारायच्या, कागदावर काय पडतं ते मोजायचं. बागेत तिरपं चालत जाऊन वीस झाडांवर केलं तरी अर्धा तास लागत नाही. किडे नाहीत तर फवारणी नाही, आज शेजाऱ्यानं मारली हे कारण होत नाही. फुलोऱ्यात मारायचीच वेळ आली तर दिवस मावळल्यावर मारा, मधमाश्या गेल्या की सेटिंग (फळ धरणं) गेलं.

तेल्यावर मला जे कळलंय ते एवढंच, की तो जिवाणू आहे, पावसाच्या थेंबानं, वाऱ्यानं आणि आपल्या कात्रीनं पसरतो. औषधापेक्षा सफाई कामाची. छाटणीच्या टोळीला सोडिअम हायपोक्लोराईटच्या पाण्याचं भांडं द्यायचं आणि प्रत्येक झाडानंतर कात्री त्यात बुडवायला लावायची. टोळीवाले वैतागतात कारण त्यांचं काम झाडावर असतं, म्हणून मी झाडामागं दोन रुपये वाढवून देतो आणि मागं उभा राहतो. डागाची फळं-फांद्या खाली टाकायच्या नाहीत, बादलीत घेऊन बाहेर जाळायच्या.

बोर्डो (मोरचूद-चुन्याचं फवारणीचं मिश्रण) घरीच करा, बाटलीपेक्षा स्वस्त पडतो. एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवायचे, लोखंडी बादली चालत नाही, मग दोन्ही एकत्र ओतून ढवळायचे. तयार झाल्यावर त्यात घासलेला विळा मिनिटभर बुडवून काढा, पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा आहे, अजून चुन्याची निवळी घाला, नाहीतर पानं भाजतात. निळा आकाशी रंग आणि विळा स्वच्छ, मग मारा, आणि त्याच दिवशी संपवा. छाटणीनंतर आणि विश्रांतीत एक टक्का, कोवळ्या पानाफळांवर एवढा कडक मारू नका. खोडाला लावायची पेस्ट याच मापात पण १० लिटर पाण्यात.

शंका असली तर सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, त्यांचं फवारणीचं वेळापत्रक बघा. तिथला सल्ला फुकट आहे आणि तो देणाऱ्याला बाटली विकायची नसते. निर्यातीचा विचार असेल तर अनारनेटला (निर्यातीच्या डाळिंब बागांची सरकारी ऑनलाईन नोंद) नोंदणी आणि शेवटच्या फवारणीनंतरचे दिवस कडक पाळा. २०१० ला द्राक्षवाल्यांचे कंटेनर युरोपात क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळं अडकले होते, तेव्हा कितीतरी जणांना हा रेसिड्यू (फळात उरलेला औषधाचा अंश) तपासतात हेच माहीत नव्हतं.

फळं कमी ठेवा

हे करायला छाती लागते. लागलेलं फळ तोडून खाली टाकताना हात थरथरतो, आमच्या आईनं तर एकदा मला "पोटच्या पोरासारखं वाढवलं आन् तोडतुयास" म्हणून शिव्या घातल्या. पण पाच वर्षांच्या बऱ्या झाडावर ६० ते ८० फळं पुरेत. जोडीतलं एक, डागाचं, शेंड्यावर उन्हात उघडं राहणारं, ही काढायची, आणि गाठ लहान असतानाच. पटत नसेल तर एकाच ओळीत दहा झाडांवर ६० ठेवा, दहावर १२०, आणि तोडणीला वेगळी वजनं करा, शेजाऱ्याचं किंवा माझं ऐकायची गरज उरणार नाही. माझ्याकडं १२० वाल्यांचा एकूण माल थोडा जास्त भरला, पण त्यात एक नंबर निम्माही नव्हता.

उधारी

दुकानाची उधारी हे खरं महाग खत आहे. वर्षाच्या शेवटी पैसे देणार म्हणून बाटलीचा भाव चढा लागतो, आणि वर दुकानदार देईल तेच घ्यावं लागतं, आपण मागू ते नाही. मी एका वर्षी रोखीच्या भावाच्या आणि उधारीच्या पावत्या शेजारी ठेवल्या, फरक बँकेच्या व्याजाच्या कितीतरी वर होता. पीककर्ज ३ लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत बिनव्याजी पडतं, ते आधी वापरा. ते उचलून त्यातनं गाडी घेतली तर मग काय बोलायचं.

व्यापारी बांधावर आल्यावर

भगव्याला फुलापासून तोडणीपर्यंत १७० ते १८० दिवस धरा. व्यापारी दीडशेव्याच दिवशी येतो, "भाव पडायला लागलाय, आज देऊन टाका" म्हणतो. फुलाची तारीख वहीत असेल तर त्याला सांगता येतं, नसेल तर आपणच घाबरतो. तो यायच्या आदल्या दिवशी वेगवेगळ्या वीस झाडांवरची दोन-दोन फळं वजन करा, सरासरी काढा. मी न करता एकदा सरसकट भाव ठरवला, व्यापाऱ्यानं पहिल्या दिवशी मोठा माल निवडून तोडला आणि दुसऱ्या तोड्याला फोनच उचलेना, बारीक माल झाडावर. तेव्हापासून ठरवताना सगळी बाग किती दिवसांत उचलणार, कॅरेटमागं सूट किती आणि आगाऊ किती, हे तिन्ही कागदावर. काटा आपला असावा, नसला तर दहा किलोचं एक माप घरून न्यावं.

शक्य असेल तर चार-पाच जणांनी एकाच आठवड्यात बहार धरावा. एकट्याचा दोन टन माल बघायला मोठा खरेदीदार येत नाही, दहा टन म्हटलं की येतो, आणि आटपाडीला किंवा पंढरपूरला गाडी नेली तरी भाडं वाटलं जातं. मोहाडीची सह्याद्री फार्म्स सारखी शेतकऱ्यांची कंपनी उभी करणं हे प्रत्येक गावाला जमेल असं मला वाटत नाही, पण पाच जणांची एक गाडी जमते. आमची तीन वर्षं जमली, चौथ्या वर्षी बांधाच्या भांडणात मोडली, आता परत चार जण आहोत.

राहिला विमा. हवामान आधारित फळपीक विम्यात पाऊस, आर्द्रता, तापमान हे महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर मोजतात, तुमच्या बागेत येऊन नुकसान बघत नाहीत, त्यामुळं ठरलेल्या तारखांत ठरलेला आकडा ओलांडला तरच पैसे. म्हणून फॉर्म भरायच्या आधी आपल्या बहाराच्या नावापुढं नीट बघा, झाडांचं वय बसतं का ते बघा, ई-पीक पाहणीत (सातबाऱ्यासाठी मोबाईलवरनं करायची पिकाची नोंद) तेच पीक लागलंय का बघा आणि पावती वहीत चिकटवा. मी गडबडीत मृगाऐवजी आंबियावर टिक केली होती. त्या वर्षी पावसानं कहर केला, अण्णांच्या खात्यात पैसे आले, माझ्या वहीत ती पावती अजून चिकटलेली आहे.